बंद होडीचा श्वास



मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागला, अलिबाग-काशीदच्या बाजूला, किंवा गोव्यात कळंगुट-बागाच्या वाळूवर सुटीच्या दिवसांत तुम्ही गेला असाल, तर पाण्यावर धावणारी एक स्कूटर तुम्ही नक्की पाहिली असेल. तिला कोणी जेट-स्की म्हणतात, कोणी वॉटर स्कूटर म्हणतात. घोड्यावर बसावे तसे टांग टाकून तिच्यावर बसायचे, समोरचा हँडल धरायचा आणि खटका दाबायचा, की ती मागे पाण्याचा फवारा उडवीत सुसाट निघते. बघणाऱ्यांचे सारे लक्ष त्या फवाऱ्याकडे असते. पण ती किनाऱ्याला लागली म्हणजे जरा जवळ जाऊन पाहा. हँडलच्या पुढे किंवा बाजूला कुठे जाळी दिसेल, कुठे फट दिसेल. सीट उचलली, की आत वळ्यावळ्यांच्या जाड नळ्या पार तळापर्यंत उतरलेल्या दिसतील. आता पाण्यावर चालणाऱ्या वस्तूला अशी भोके मुद्दाम कशाला ठेवायची? होडीला भोक म्हणजे संकट, असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो ना?

आजच्या भाषणात मी या भोकांबद्दलच बोलणार आहे. आणि तुम्ही म्हणाल, आम्ही घाटावरची माणसे, आमचा समुद्राशी काय संबंध? तर संबंध असा आहे, की हंगामात किनाऱ्यावर कामाला जाणारी मुले पुष्कळदा खेड्यांतलीच असतात. पेट्रोल भरणे, सीट उचलणे, पाणी काढणे ही कामे त्यांच्याच हाती येतात. शिवाय पेट्रोल आता प्रत्येक गावात पोचले आहे. फवारणीचा पंप, गवत कापायचे यंत्र, वीज गेल्यावर लावायचा जनरेटर, आणि घरोघरी मोटारसायकल. पाण्यावरच्या स्कूटरच्या पोटात जे घडते ते तुमच्या पडवीतल्या बंद खोलीतही घडू शकते.

प्रथम ही स्कूटर घडवलेली कशी असते ते पाहू. फायबरची दोन मोठी टरफले घ्या. एक खालचे, होडीच्या आकाराचे. दुसरे वरचे, झाकणासारखे. दोन परातींची तोंडे एकमेकींवर ठेवून कडा पक्क्या जोडाव्या, तशी ही टरफले जोडलेली असतात. मध्ये जी पोकळी राहते ते या होडीचे पोट. या पोटातच सगळा संसार असतो. इंजिन तिथेच, पेट्रोलची टाकी तिथेच, बॅटरी तिथेच, आणि धूर बाहेर नेणारी नळीही तिथूनच गेलेली असते. इंजिन एका पंपाला फिरवते, पंप तळाखालचे पाणी ओढून मागच्या तोंडातून जोराने फेकतो, आणि त्या धक्क्याने होडी पुढे जाते. बाहेर उघडा पंखा फिरत नाही.

आपल्या साध्या मच्छीमार होडीचे पोट वरून उघडे असते. वारा त्यात सहज खेळतो. स्कूटरचे तसे नाही. ती लाटांवर उड्या मारते, कलते, पुष्कळदा पूर्ण उलटते. पोट उघडे ठेवले तर ती पहिल्याच लाटेला भरून जाईल. म्हणून ते बंद करावे लागते. आणि बंद केले, की दुसऱ्या दोन अडचणी उभ्या राहतात. वाऱ्याच्या नळ्यांचे काम या अडचणींतूनच निघाले आहे.

पहिली अडचण इंजिनाच्या श्वासाची. नुसत्या पेट्रोलवर इंजिन चालत नाही. त्याला हवा लागते, आणि पेट्रोलपेक्षा किती तरी जास्त लागते. वजनाने मोजले तर एक भाग पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा भाग हवा हवी. आता असा हिशेब करू. समजा इंजिन दीड लिटरचे आहे आणि मिनिटाला ७,००० फेरे घेत आहे. चार फटक्यांचे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा आपले पोट हवेने भरते. म्हणजे मिनिटाला ३,५०० वेळा दीड लिटर. पाच हजार लिटरांहून अधिक हवा झाली की नाही? पाण्याचे नेहमीचे पिंप २०० लिटरचे धरले, तर दर मिनिटाला पंचवीस पिंपे हवा! बहुतेक स्कूटरींत इंजिन ही हवा होडीच्या पोटातूनच ओढते. तेव्हा पोटात तितकीच हवा बाहेरून येत राहिली पाहिजे. वाट बुजली तर इंजिन गुदमरते, ताकद कमी होते, आणि लोक म्हणतात की इंजिन बिघडले.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ती पेट्रोलच्या वाफेची.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता जळते ती त्याची वाफ. रॉकेलच्या किंवा डिझेलच्या उघड्या भांड्याला एवढ्यातेवढ्या ठिणगीने आग लागत नाही, कारण साधारण उन्हात त्यांची वाफ फार थोडी निघते. पेट्रोलचे तसे नाही. शून्याच्या खाली चाळीस अंश इतक्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते. मग कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यात ते काय करील? आपल्या किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या ट्रॉलरांना बहुतेक डिझेलची इंजिने असतात. ज्यांचे हात डिझेलला सरावले आहेत, त्यांना पेट्रोलचा हा स्वभाव चटकन ध्यानात येत नाही. डिझेल सांडले तर चिंधीने पुसले की झाले. पेट्रोल सांडले तर पुसायला काही उरत नाही. ते दिसेनासे होते, आणि माणसाला वाटते, वाळले, गेले. गेले कुठेच नाही. ते वाफ होऊन तिथेच बसलेले असते.

आणि बसते कुठे? तर तळाशी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. धूर चुलीतून वर जातो, तशी ती वर जात नाही. पाणी जसे उताराने खालच्या खड्ड्यात जमते, तशी ती वाहत जाऊन होडीच्या सर्वांत खालच्या भागात साचते. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

ती किती असली म्हणजे धोका? हवेत पेट्रोलची वाफ शेकडा सुमारे दीड भागाहून कमी असेल तर ठिणगी पडूनही ती पेटत नाही. शेकडा साडेसात-आठ भागांच्या वर गेली तरी पेटत नाही, कारण मग हवा कमी पडते. या दोहोंच्या मध्ये मात्र एक ठिणगी पुरते. आमटीत मीठ बेताचे पडले की चव लागते, तसे हे मिश्रण बेताचे जमले की भडका होतो. एक लिटर पेट्रोलची सगळी वाफ झाली, तर ती सुमारे २०० लिटर होते. म्हणजे चहाचा एक कप, साधारण १०० मिलिलिटर पेट्रोल सांडले, तर वीस लिटर वाफ. एवढी वाफ चौदाशे लिटर हवेला, म्हणजे सात पिंपे हवेला, पेट घेण्याजोगी करू शकते. स्कूटरच्या पोटात इंजिन आणि टाकी यांच्या भोवती मोकळी जागा याहून पुष्कळ कमी असते. तेव्हा तिला पूर्ण कपसुद्धा लागत नाही.

मोकळ्यावर पेट्रोल पेटले तर भडका होतो. बंद पेटीत पेटले तर तापलेल्या हवेला फुगायला जागा मिळत नाही, आणि पेटीच फुटते. त्या पेटीवर माणूस बसलेला असतो हे विसरू नका.

आता सांगलीजवळच्या हरिपूरची आठवण येते. तिथे हळद साठवायची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणलेले, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद असे हे कोठार. जाणता माणूस पेव उघडल्याबरोबर आत उतरत नाही. तो ते काही वेळ उघडे ठेवतो, आत वारा जाऊ देतो, आणि कंदील खाली सोडून पाहतो. कंदील विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही असे समजायचे. बंद आणि खोल जागेवर विश्वास ठेवू नये, आधी तिला वारा द्यावा, हे शहाणपण आपल्या शेतकऱ्याला यंत्रे येण्याच्या फार आधीपासून आहे. होडीच्या पोटाला हेच शहाणपण लागू पडते. फक्त एक फरक जिवाच्या मोलाचा आहे. पेवात कंदील सोडतात. पेट्रोलच्या जागी कंदील, काडी, पेटती विडी यांतले काहीही नेणे म्हणजे मरणच. तिथे परीक्षा नाकाने करायची. वाफ पेटण्याइतकी दाट होण्याच्या कितीतरी आधी तिचा वास नाकाला कळतो.

आता त्या नळ्यांकडे परत येऊ. त्या कशा बसवलेल्या असतात ते पाहिले म्हणजे त्यांचे काम आपोआप उलगडते.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गटक-गटक करीत अडखळत येते. समोर दुसरे भोक पाडले की धार सरळ लागते. एका वाटेने तेल बाहेर, दुसऱ्या वाटेने हवा आत. होडीच्या पोटालाही तशाच निदान दोन वाटा लागतात. एक ताजा वारा आत आणण्याची, एक जुना वारा बाहेर घालवण्याची. या वाटांची बाहेरची तोंडे उंचावर असतात, म्हणजे लाट सहज आत शिरत नाही. आतली टोके मात्र खाली, तळाजवळ नेलेली असतात, कारण जड वाफ तिथेच साचते. नळी वरच्या वर तुटून लोंबत राहिली, तर वरचा वारा वरच फिरतो आणि तळाची वाफ तशीच राहते. म्हणून नळी निखळली असेल तर ती पुन्हा जागी बसवणे हे आधी करायचे काम. आणि नळीचे टोक अगदी तळाला टेकवूनही चालत नाही. तळाशी थोडे पाणी नेहमी असते, ते टोक बुजवून टाकते. टोक पाण्याच्या वर, पण तळाजवळ असावे.

मग वाऱ्याबरोबर पाणी आत येत नाही का? येते, पण थोडे. घराच्या वळचणीला पन्हळ लावून आपण पाणी एका बाजूला काढतो, तशी इथेही युक्ती असते. हवेची वाट सरळ न ठेवता वळणावळणाची ठेवतात, मध्ये आडव्या पट्ट्या घालतात. हवा हलकी, ती वळण घेऊन पुढे जाते. पाण्याचा थेंब जड, तो वळणावर आपटून खाली गळतो, आणि त्याला बाहेर जायची निराळी वाट दिलेली असते. सीटखालचे रबर हाही याच व्यवस्थेचा भाग. सीट नीट बसली आणि रबर शाबूत असले, म्हणजे हवा ठरलेल्या वाटेनेच येते आणि पाणी भलत्या वाटेने येत नाही.

तरीही जे पाणी आत येते ते काढायला बऱ्याच स्कूटरींत एक साधी बारीक नळी असते. ती तळातून निघून मागच्या पंपाच्या तोंडाशी जाते. पाणी जोराने धावते तिथे ओढ निर्माण होते, आणि त्या ओढीने पोटातले पाणी बाहेर खेचले जाते. होडी चालू असताना हे काम फुकटात होते. पण होडी थांबली म्हणजे ओढ थांबते, आणि मग त्याच नळीने समुद्र उलटा आत यायला बघतो. डब्यातून रबरी नळीने तेल काढताना एकदा धार लागली की ती आपोआप चालूच राहते ना? तसे. ते टाळण्यासाठी ही नळी कमानीसारखी वर नेऊन पुन्हा खाली आणतात, आणि कमानीच्या माथ्यावर एक बारीक भोक ठेवतात. त्या भोकातून हवा आत शिरली, की धार तुटते. हे भोक पाहून कोणाला वाटेल की नळी फुटली, आणि तो त्यावर चिकटपट्टी गुंडाळील. तसे केले तर किनाऱ्याला बांधलेली होडी सकाळपर्यंत पाण्याने जड झालेली सापडायची!

टाकीलाही श्वास लागतो. पेट्रोल वापरले जाते तसतशी टाकीत हवा आत आली पाहिजे, नाही तर पेट्रोल पुढे सरकत नाही. म्हणून टाकीच्या श्वासाच्या नळीवर एक झडप असते. ती हवा आत येऊ देते, पण होडी उलटली तर पेट्रोल बाहेर सांडू देत नाही. उन्हात टाकी तापून आत दाब वाढतो, तेव्हा झाकण एकदम न उघडता हळूहळू फिरवावे. आणि पेट्रोल गळ्यापर्यंत भरू नये, कारण तापले की ते फुगते.

इंजिन हवा घेते त्या तोंडाशी तारेची बारीक जाळी किंवा पत्र्याच्या पातळ पट्ट्यांची चकती असते. इंजिनात कधी उलटा भडका झाला, तर ज्योत पोटात येऊ नये म्हणून ही योजना. शिक्षक मंडळींना हे तत्त्व ओळखीचे असेल. हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ साली कोळशाच्या खाणीतल्या कामगारांसाठी जाळीचा दिवा केला, तोच हा विचार. बारीक जाळीतून जाताना ज्योतीची उष्णता तार शोषून घेते, आणि ज्योत पलीकडे जात नाही. जाळी फाटली म्हणून काढून फेकली आणि इंजिन तसेच चालवले, तर हा पहारेकरी गेला असे समजा. तीच गोष्ट विजेच्या भागांची. होडीच्या पोटातले स्टार्टर आणि खटके असे घडवलेले असतात, की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला लागू नये. दिसायला सारखा म्हणून मोटारसायकलीचा किंवा मोटारीचा स्वस्त भाग तिथे बसवू नये.

ही सगळी काळजी कोणी एका दिवसात शोधून काढली नाही. पेट्रोलच्या होड्या अमेरिकेत फार आधी वाढल्या, आणि तिथे कायदाही आधी झाला. २५ एप्रिल १९४० नंतर बांधलेल्या पेट्रोलच्या बंद होड्यांना वाऱ्याची वाट ठेवलीच पाहिजे, असे तिथे ठरले. पुढे १९८० मध्ये नियम आणखी कडक झाले, आणि पोटातली हवा ओढून बाहेर टाकणारा विजेचा पंखा अशा मोठ्या होड्यांना आवश्यक झाला. इंजिन सुरू करण्यापूर्वी हा पंखा चार मिनिटे चालवा, अशी सूचनेची पाटी तिथे लावलेली असते.

पाण्यावरची स्कूटर त्या मानाने अलीकडची. कॅनडातल्या बाँबार्डिए कंपनीने १९६८ मध्ये सी-डू नावाचे असे वाहन बाजारात आणले, पण ते फार काळ चालले नाही. अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन यांच्या कल्पनेवरून जपानच्या कावासाकी कंपनीने १९७३ च्या सुमारास उभ्याने चालवायची जेट-स्की काढली, आणि तेच नाव लोकांच्या तोंडी बसले. या लहान वाहनात पंख्याला जागा नसते, आणि सहसा तो नसतोच. चालू इंजिन स्वतःच पोटातली हवा ओढत असते, त्यामुळे धावताना पोट आपोआप स्वच्छ राहते. धोका असतो तो इंजिन बंद असताना, आणि त्यानंतर ते सुरू करण्याच्या क्षणी. त्या वेळी पंख्याचे काम माणसाने करायचे. ते काम म्हणजे सीट उचलून ठेवणे.

शाळेत हे मुलांना दाखवायचे असेल तर गुरुजींसाठी दोन सोपे प्रयोग सांगतो. दोन्हींत पेट्रोलचा एक थेंबही वापरायचा नाही, हे आधीच बजावतो.

पहिला प्रयोग. एका खोल पातेल्यात लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन उंचीच्या मेणबत्त्या उभ्या करून पेटवा. सर्वांत मोठी मेणबत्ती पातेल्याच्या काठाहून बुटकीच असावी. पातेल्याच्या तळाशी खायचा सोडा पसरून ठेवा, आणि कडेने हळूच लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ओता. फेस येतो. त्यातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेच्या दीडपट जड असतो. तो तळापासून भरत वर चढतो, आणि आधी लहान, मग मध्यम, मग मोठी मेणबत्ती विझते. डोळ्यांना दिसत नाही तो वायू पाण्यासारखा कसा साचतो हे मुलांना पटते. मग त्यांना सांगा, की पेट्रोलची वाफ याहून दुपटीपेक्षा जड असते, आणि ती दिवा विझवीत नाही, पेटते.

दुसरा प्रयोग. एका ताटलीत मेणबत्ती पेटवून ठेवा, तिच्याभोवती कंदिलाची काच उभी करा, आणि खालून हवा जाऊ नये म्हणून ताटलीत थोडे पाणी घाला. काचेचे वरचे तोंड उघडे असूनही ज्योत मंद होत होत विझते. आता पत्र्याचा एक तुकडा इंग्रजी टी अक्षरासारखा कापून वरच्या तोंडात उभा सोडा, म्हणजे तोंडाचे दोन भाग होतील. मेणबत्ती पुन्हा पेटवा. या वेळी ती जळत राहते. पेटलेली उदबत्ती तोंडाशी धरली, की धूर एका बाजूने आत उतरताना आणि दुसऱ्या बाजूने वर येताना दिसतो. तोंड तेवढेच, पण येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी झाली. स्कूटरच्या पोटातल्या दोन नळ्यांचे मर्म एवढेच आहे.

आता प्रत्यक्ष काम करणाऱ्या मुलांसाठी चार गोष्टी. तुमचा भाऊ, भाचा, विद्यार्थी किनाऱ्यावर कामाला जात असेल, तर त्याला एवढे वाचून दाखवा.

पेट्रोल भरताना इंजिन बंद हवे, गिऱ्हाईक खाली उतरलेले हवे, आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नसावे. कॅन जमिनीवर टेकवून त्यात पेट्रोल घ्यावे, गाडीत किंवा मांडीवर ठेवून नव्हे. सांडले तर लगेच पुसा, आणि ती चिंधी सीटखाली कोंबू नका. भरून झाले, झाकण घट्ट केले, की सीट उचला आणि निदान पाच मिनिटे उघडी राहू द्या. मग वाकून वास घ्या. वास येत असेल तर चावी लावायची नाही. आधी गळती कुठे आहे ते शोधायचे. वास नसेल तर सीट जागी बसवा, खटका नीट अडकला का पाहा, आणि मगच इंजिन सुरू करा.

रात्रभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली स्कूटर सकाळी तशीच सुरू करू नका. ताडपत्री काढा, सीट उघडा, तिला वारा लागू द्या. जमिनीवर असताना मागची बुचे उघडी ठेवा, म्हणजे साचलेले पाणी निघून जाईल. आतला ओलावा आणि खारटपणा कमी झाला की तारा आणि लोखंड गंजत नाही. पाण्यात नेताना मात्र बुचे लावायला विसरू नका. आणि होडी उलटली तर मागे चिकटवलेल्या पाटीवरचा बाण पाहून त्याच दिशेने ती सरळ करा. उलट दिशेने फिरवली तर धुराच्या नळीतले पाणी इंजिनात उतरू शकते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हवेची भोके बुजवू नका. पाणी उडून आत येते म्हणून कोणी त्यांत कापड कोंबतो, कोणी टेप लावतो, कोणी चांगले दिसत नाही म्हणून बंद करतो. त्याचा हेतू वाईट नसतो. होडीत पाणी येऊ नये एवढेच त्याला हवे असते. पण आत आलेले थोडे पाणी बाहेर काढता येते. आत कोंडलेली वाफ मात्र एका ठिणगीची वाट पाहत बसते, आणि ती ठिणगी चावी फिरवणाऱ्याच्याच हातून पडते.

घरीही हेच ध्यानात असू द्या. पेट्रोलचा डबा झोपायच्या खोलीत किंवा देवघराशेजारी ठेवू नका. फवारणीचा पंप भरायचा तो अंगणात, वाऱ्यावर. आणि जनरेटर कधीही बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि माणूस झोपेतच जातो. तिथे नाकाचाही उपयोग होत नाही. तिथे उघड्या जागेशिवाय दुसरा उपाय नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी समुद्रावर गेलात आणि त्या स्कूटरवर बसायची हौस झाली, तर पैसे देण्यापूर्वी चालवणाऱ्याला एवढेच विचारा: "भाऊ, पेट्रोल भरल्यावर सीट उघडून ठेवली होती का?" हा प्रश्न ऐकून तो हसला तरी हरकत नाही. दोन-चार गिऱ्हाइकांनी तो विचारला, की पाचवे गिऱ्हाईक येण्याआधी सीट उघडलेली असेल.